जमिनीवर दिसलेलं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं

मार्च ते जुलै हे वसईच्या वाड्यांमध्ये पिल्लांचे महिने. जास्वंदीत बुलबुल, वठलेल्या माडाच्या ढोलीत पोपट, आंब्यावर कावळा आणि त्याच्याच घरट्यात कोकिळेचं पोर. याच दिवसांत निर्मळच्या वाडीपासून नालासोपाऱ्याच्या सोसायटीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरात बुटाचा खोका निघतो, त्यात कापूस अंथरला जातो, ड्रॉपरने दूध पाजलं जातं. आणि फार वेळा सकाळी उठून बघावं तर पिल्लू गेलेलं असतं. माया खरी असते, माहिती चुकलेली असते. म्हणून हे लिहायचं.

सगळ्यात जास्त पिल्लांचा घात करणारा समज म्हणजे, जमिनीवर दिसलं की ते घरट्यातून पडलेलंच असणार. बुलबुलाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण बारा दिवसांत घरटं सोडतं, आणि तेव्हा त्याला धड उडता येत नसतं. अंगभर पिसं आलेली, शेपूट मात्र आखूड, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळट कड. असं पिल्लू ओट्याच्या पायरीवर, कुंड्यांच्या आड बसून हाका मारत राहतं आणि आईबाप किडे आणून त्याला तिथेच भरवतात. पुढचे काही दिवस हेच चालतं. आपण डोक्याशी उभे राहिलो तर ते फिरकत नाहीत, आणि आपल्याला वाटतं, आई टाकून गेली! आत जा, खिडकीतून तासभर लक्ष ठेवा. घास येताना दिसला की विषय संपला. पिल्लू रस्त्यात असेल किंवा मांजर घुटमळत असेल, तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. जवळच्याच, कारण आईला त्याची हाक ऐकू जायला हवी.

याच दिवसांत झाडाखालून जाताना कावळा डोक्यावर टोच मारतो आणि घरात काहीतरी अशुभ घडणार म्हणून माणसं धास्तावतात. त्यात अशुभ काही नाही. वरच्या किंवा शेजारच्या फांदीवर त्याचं पोर बसलेलं असतं आणि तो पहारा देत असतो. आठवडाभर छत्री घेऊन जा, किंवा वाट बदला.

पिसं न आलेलं, डोळे मिटलेलं उघडं पिल्लू मात्र खरंच पडलेलं असतं. ते घरट्यात परत ठेवायचं. इथे दुसरा समज आडवा येतो: माणसाचा हात लागला की आई घेत नाही. हे खरं नाही. पक्ष्यांना वास अजिबात येत नाही असं नव्हे, पण बागेतले पक्षी पिल्लाला ओळखतात ते त्याच्या आवाजावरून आणि जागेवरून. आपल्या हाताच्या वासापायी कुणी पोर टाकत नाही. पिल्लू गार पडलं असेल तर आधी ओंजळीत धरून ऊब द्या आणि मग ठेवा. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली लहान प्लास्टिकची टोपली घ्या, त्यात सुकं गवत घाला आणि त्याच झाडाला, सावलीत, पाऊस लागणार नाही अशी बांधा. ओलं, हिरवं गवत नको, त्याने पिल्लू गारठतं. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं ते ऐन विणीच्या दिवसांत. अशा वाऱ्यानंतर ही टोपली फार उपयोगी पडते.

आता दूध आणि पाणी. पिल्लाने चोच उघडली की आत बघा. जिभेच्या लगेच मागे एक बारीक फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिकेची वाट आहे. ड्रॉपरमधला थेंब सरळ तिच्यात उतरतो आणि पाणी फुप्फुसात जातं. पिल्लाला लागणारं पाणी त्याच्या खाण्यातूनच मिळतं. दूध तर पक्ष्यांचं अन्नच नव्हे. त्यातली साखर त्यांना पचत नाही, जुलाब होतात आणि इवलासा जीव काही तासांत सुकतो. पाव आणि चपातीचाही उपयोग नाही. बुलबुल मोठेपणी फळं खात असला तरी पिल्लांना मुख्यतः किडेच भरवतो. जखमी पिल्लाला पहिली गरज उबेची असते. भोकं पाडलेला खोका घ्या, आत सुती कापड अंथरा, एका बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. अंधार आणि शांतता ठेवा, पंखा बंद करा. डॉक्टरकडे पोचेपर्यंत भरवायचं काही नाही.

मांजराने धरलेलं पिल्लू वरून ठीक दिसलं तरी सोडून देऊ नका. दाताची जखम पिसांत दडते, मांजराच्या लाळेतले जंतू रक्तात भिनतात आणि एकदोन दिवसांत पिल्लू दगावतं. त्याला त्याच दिवशी प्रतिजैविक मिळायला हवं. हळद, तेल यांतलं काही लावू नका. तेलाने पिसं चिकटतात आणि अंगातली ऊब निघून जाते.

बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेला पावसाळ्यात काळ्याभोर लवेची पिल्लं तुरुतुरु पळताना दिसतात. कुणी त्यांना कावळ्याची समजतं, कुणी घरच्या खुडूक कोंबडीखाली नेऊन सोडतं. ती लाजऱ्या पाणकोंबडीची असतात. जन्मल्यावर लवकरच चालू लागतात, त्यांना घरट्यात ठेवायचा प्रश्नच नाही. एकटं दिसलं तर तिथल्याच झाडोऱ्यात राहू द्या आणि लांब व्हा, आई जवळच असते.

वाचवलं म्हणून पोपटाचं पिल्लू पिंजऱ्यात ठेवता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. आपला रानपोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, मांजराने धरलं असेल किंवा आईबाप मेलेले दिसले असतील, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा पक्षी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. गाडीने जाता येत असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे पक्ष्यांवरही उपचार होतात.

आणि माडाच्या झावळ्या उतरवायच्या किंवा वठलेला माड पाडायचा असेल, तर आधी खोडाला ठोकून बघा. ढोलीतून कुणी डोकावलं किंवा आतून चिवचिव आली, तर ते काम पावसाळा संपेपर्यंत राहू द्या.