कुंपणावरील घाणेरी

एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी अशी इवलीशी फुले, जवळजवळ बारमाही बहर आणि पाणी घालण्याची फारशी चिंता नाही, असे झुडूप बागेत कोणाला नको असेल? याच गुणांमुळे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आणली गेली. कोठे तिला टणटणी म्हणतात, तर मध्य प्रदेशात राईमुनिया.

शोभेसाठी आणलेली ही वनस्पती उद्यानात मात्र राहिली नाही. तिची फळे पिकली की काळी होतात व ती बुलबुलांना फार आवडतात. पक्षी फळ खातो आणि बी त्याच्या विष्ठेवाटे दूरवर जाऊन पडते. कुंपण गुराला अडवते, पक्ष्याला अडवीत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील व्याघ्र-अधिवासाच्या सुमारे ४० टक्के क्षेत्रात घाणेरी शिरली आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही; मग हरणांचा आणि गुरांचाही चारा कमी होतो.

चारा कमी झाला की दुसरे संकट उभे राहते. गुरे घाणेरीला सहसा तोंड लावीत नाहीत. परंतु टंचाईत, किंवा परमुलखातून नुकतीच आणलेली असली म्हणजे, ती पाने खातात. पानांतील लँटाडीन नावाचे विष यकृतावर आघात करते आणि पित्ताचा प्रवाह अडतो. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा एक पदार्थ एरवी पित्तावाटे बाहेर पडतो. तो आता रक्तात साठून कातडीपर्यंत पोचतो आणि ऊन लागताच कातडी भाजल्यासारखी होते. फिकट रंगाच्या जागी हे अधिक दिसते. जनावर रवंथ थांबवते, डोळे पिवळे पडतात. अशा वेळी त्याला सावलीत बांधून पशुवैद्याला तत्काळ बोलवावे. कारण पोटात राहिलेल्या पानांतून विष पुढेही शोषले जात असते.

कण्हेरीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती घाणेरीसारखी रान बळकावीत नाही. तथापि तिचा प्रत्येक भाग विषारी असून ते विष हृदयाची लय बिघडवते. पान वाळले तरी विष जात नाही. म्हणून तिची छाटणी गोठ्याजवळ टाकू नये, आणि कुत्र्याला तिची काटकी चघळू देऊ नये.

घाणेरी काढावयाची तर वरून तोडून उपयोग नाही. बुंध्यापासून ती पुन्हा फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मुळावर कुदळीचा घाव घालावा आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे मुळे मातीला लागत नाहीत. हे काम फळे पिकण्यापूर्वी करावे. पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढील पावसाळ्यांत उगवणारी रोपे वेळीच उपटावीत.

रिकाम्या जागी जास्वंद लावता येईल. तिची पाने शेजारच्या शेळीने ओरबाडली, तर नुकसान जास्वंदीचे होईल, शेळीचे नव्हे.