आयर्लंडच्या नागरी नोंदींत न सापडणारा पूर्वज: शोधाची पद्धत

आयर्लंडमध्ये जन्म, मृत्यू आणि सर्वांचे विवाह यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक वगळता इतरांचे विवाह त्याआधी, १ एप्रिल १८४५ पासूनच नोंदले जात होते. देशातील बहुसंख्य लोक कॅथलिक होते, त्यामुळे सामान्य आयरिश कुटुंबाच्या दृष्टीने १८६४ हीच खरी सुरुवात.

या नोंदींना इतर देशांतल्या नोंदींपेक्षा जास्त महत्त्व येण्याचे कारण म्हणजे आयर्लंडची जनगणना. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील अभिलेखागारासह जळाले. १८६१ आणि १८७१ चे कागद त्यापूर्वीच सरकारी आदेशाने नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. संपूर्ण देशाची पहिली शिल्लक जनगणना म्हणजे १९०१ ची, आणि तिच्यानंतर १९११ ची. नागरी नोंदवह्या फोर कोर्ट्समध्ये नव्हत्या म्हणून वाचल्या. म्हणजे १८६४ ते १९०१ या सदतीस वर्षांत एखादे गरीब कुटुंब कुठे होते हे सांगणारा, देशभर एकाच नमुन्यात ठेवलेला कागद म्हणजे मुख्यतः याच वह्या. आजी किंवा आजोबांचा जन्म आयर्लंडमध्ये झाला असेल तर परदेशात जन्मलेल्या नातवाला तेथील नागरिकत्व मिळू शकते, आणि त्या अर्जाला जन्माचा नागरी दाखला लागतो. त्यामुळे हा शोध केवळ हौसेचा राहत नाही.

डेटाबेस शिकवताना मला हा विषय उपयोगी वाटतो, कारण इथे प्रश्न संगणकाचा नसून नोंद कशी तयार झाली याचा आहे. ते कळले नाही तर कितीही चांगले सर्च इंजिन दिले तरी 'काही सापडले नाही' एवढेच उत्तर मिळते.

नोंद कशी तयार होई

नोंदणीसाठी नवी प्रशासकीय चौकट उभारली गेली नाही. गरिबांच्या मदतीसाठी आधीच अस्तित्वात असलेली 'पुअर लॉ युनियन' हाच नोंदणी जिल्हा ठरला. त्याच्या आत सरकारी दवाखान्यांचे विभाग होते आणि त्या दवाखान्याचा डॉक्टर हाच बहुधा निबंधक असे. घरातले कोणीतरी त्याच्याकडे जाऊन तोंडी माहिती देई. सांगणाऱ्याला पुष्कळदा लिहितावाचता येत नसे, सहीच्या जागी फुलीची खूण असे. पश्चिमेकडील भागांत तो आयरिश भाषा बोलणारा असे आणि डॉक्टर मात्र इंग्रजीत लिहून घेई. त्या वहीची नक्कल डब्लिनच्या जनरल रजिस्टर ऑफिसला जाई. तिथे साऱ्या देशाची आडनाववार सूची बनवली जाई. आपल्या काळात ती सूची पुन्हा संगणकावर टाइप झाली.

म्हणजे तोंडातून निघालेले नाव पडद्यावर येईपर्यंत चार-पाच हातांतून गेलेले असते. आपण शोधतो ते सूचीत, पुरावा मात्र नोंदवहीच्या पानात असतो. हा फरक सतत लक्षात ठेवावा. 'आयरिश जीनिऑलॉजी डॉट आयई' या सरकारी संकेतस्थळावर शंभर वर्षांहून जुने जन्म, पंचाहत्तर वर्षांहून जुने विवाह आणि पन्नास वर्षांहून जुने मृत्यू यांच्या पानांची चित्रे विनामूल्य पाहता येतात. चित्र न उघडता केवळ सूचीवरून निष्कर्ष काढण्याला आता काहीच सबब उरलेली नाही.

सूची काय सांगते, काय सांगत नाही? जुन्या सूचीत नाव, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान एवढेच असते. १९०३ पासून जन्मसूचीत आईचे माहेरचे आडनावही दिले जाऊ लागले, म्हणून त्यानंतरचा शोध खूप सोपा आहे. त्यापूर्वीच्या काळात एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दहा मुले असली तर दहाही पाने उघडावी लागतात.

विवाहसूचीत मात्र एक सोय आहे. वर आणि वधू यांची नावे सूचीत वेगवेगळ्या ठिकाणी येतात, पण दोघांचे वर्ष, जिल्हा, खंड आणि पान एकच असते. डेटाबेसच्या भाषेत ही संयुक्त कळ आहे आणि आपण तिच्यावर जोड लावतो. पानावर एकाहून जास्त लग्ने असू शकतात, त्यामुळे जुळलेली जोडी ही उमेदवार समजावी. खात्री पानावरच होते.

नाव: सर्वांत फसवा स्तंभ

नवशिका संशोधक नाव अचूक भरतो आणि बाकी रकाने मोकळे सोडतो. आयर्लंडमध्ये नेमके उलटे करावे लागते.

आडनावांतील 'ओ' आणि 'मॅक' ही उपपदे इंग्रजी अमलात मोठ्या प्रमाणावर गळाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे, आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाच्या वातावरणात, हळूहळू परत आली. एकाच आईबापांचे थोरले मूल 'सलिव्हन' आणि धाकटे 'ओ'सलिव्हन' म्हणून नोंदलेले आढळते. सूचीत ही दोन आडनावे दोन टोकांना असतात. उच्चारावरून शोधणारी साउंडेक्स पद्धतही इथे कामी येत नाही. रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये पेटंट मिळालेली ही पद्धत पहिले अक्षर कायम ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना अंक देते. तिच्या हिशेबाने सलिव्हनचा संकेत 'एस ४१५' होतो आणि ओ'सलिव्हनचा 'ओ २४१'. पहिले अक्षरच बदलल्यावर पुढचे सगळे व्यर्थ. दोन्ही रूपे स्वतंत्रपणे शोधणे हाच उपाय.

त्याहून अवघड प्रकार भाषांतरित आडनावांचा. आयरिशमधील 'मॅक गॉवन' म्हणजे लोहाराचा मुलगा. काही घरांनी ते 'मॅकगॉवन' असे ठेवले, तर काहींनी सरळ 'स्मिथ' केले. उच्चारात काहीच साम्य नाही, तेव्हा कोणतेही अल्गोरिदम हे जुळवणार नाही. त्याला तक्ता लागतो. हा तक्ता खुद्द नोंदणी खात्यानेच केला. रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्याने १८९० मध्ये आडनावांची आणि पहिल्या नावांची पर्यायी रूपे एकत्र करून पुस्तक छापले. त्याचा हेतू निबंधकांना आणि सूची चाळणाऱ्यांना मदत व्हावी हा होता. याचा अर्थ, नोंदी शोधणे कठीण आहे ही तक्रार नोंदणी सुरू झाल्यावर पंचवीस-सव्वीस वर्षांतच कार्यालयाच्या कानी गेलेली होती.

पहिली नावेही अशीच. ब्रिजेट ही बिडी, बेडेलिया किंवा डीलिया होते. अमेरिकेत गेलेल्या कितीतरी ब्रिजेटांनी डीलिया हेच नाव धरले. होनोरा म्हणजे नोरा, कधी हॅना. आयरिशमधील डिअर्मुड इंग्रजी कागदावर जेरेमाया होतो आणि टायग हा टिमोथी. काही बाळांचे नाव नोंदणीच्या दिवशी ठरलेलेच नसे. अशी मुले सूचीत आडनावाखाली केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' म्हणून येतात. कोणीही नावाने शोधले तर ती कधीच सापडणार नाहीत.

यात भर म्हणून नाव ठेवण्याची रूढी. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे. सगळीच घरे ती काटेकोर पाळत नसत, पण जी पाळत तिथे चार सख्ख्या भावांचे चारही थोरले मुलगे एकाच नावाचे, एकाच गावात, पाच-सात वर्षांच्या अंतराने जन्मलेले. मूल दगावले की तेच नाव पुढच्या बाळाला देण्याचीही पद्धत होती.

तारीख, वय आणि ठिकाण

जन्म ठरावीक मुदतीत नोंदवला नाही तर दंड होता. दवाखाना दूर, शेतीची कामे अंगावर. मग उशिरा गेलेला बाप जन्माची तारीख पुढे सरकवून सांगे. म्हणून चर्चच्या वहीतील बाप्तिस्मा नागरी नोंदीतील जन्माच्या आधी झालेला दिसतो. अशा वेळी मी चर्चची तारीख खरी मानेन. धर्मगुरूला ती बदलण्याचे काही कारण नव्हते.

वयाचे तर विचारूच नका. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजूंना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळू लागले. जानेवारी १९०९ पासून ते प्रत्यक्ष सुरू झाले. त्या वेळी सत्तरीला आलेल्यांचा जन्म नागरी नोंदणीच्या आधीचा, म्हणजे दाखला कोणाकडेच नाही. १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांमध्ये दहा वर्षांत पंधरा-सोळा वर्षांनी म्हातारी झालेली माणसे दिसतात ती यामुळे. सगळीच खोटे बोलत होती असे नाही. अनेकांना आपले वय खरोखर ठाऊक नव्हते. मृत्युनोंदीतील वय तर दुसऱ्याच कोणीतरी अंदाजाने सांगितलेले. त्यामुळे वयावरून जन्मवर्ष काढताना दोन्ही बाजूंना किमान पाच वर्षे मोकळी ठेवावीत.

ठिकाणाचा घोळ निराळा. कुटुंबाच्या स्मरणात काउंटीचे नाव असते, नोंद मात्र युनियनच्या नावाने असते, आणि युनियनने काउंटीच्या सीमा पाळल्या नाहीत. रॉस्क्रे युनियनमध्ये टिपेररी, ऑफाली आणि लीश या तिन्ही काउंट्यांची गावे येत. शिवाय नावे बदलली. ऑफाली तेव्हा किंग्ज काउंटी होती, लीश क्वीन्स काउंटी, आणि बर गावाचा नोंदणी जिल्हा 'पार्सन्सटाउन' या नावाखाली मिळतो. सर्वांत खालची पातळी 'टाउनलँड'ची. आपल्या वाडीसारखा किंवा शिवारासारखा हा छोटा भूभाग. देशात असे साठ हजारांहून जास्त आहेत. एकाच नावाच्या दोन कुटुंबांना वेगळे करणारी सर्वांत भरवशाची खूण तीच. टाउनलँडचे स्पेलिंग कानावरून लिहिलेले असते, म्हणून नकाशा शेजारी ठेवून वाचावे.

एक उदाहरण

समजा, केरीतील केनमेअर भागातून बॉस्टनला गेलेली ब्रिजेट सलिव्हन शोधायची आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील विवाहनोंदीत आईवडिलांची नावे असतात. तिथून बाप डॅनिएल, आई माहेरची शे, आणि वयावरून जन्म १८७० च्या सुमारास एवढे कळले.

केनमेअरमध्ये सलिव्हन हे आडनाव इतके आहे की नेमक्या वर्षाची ब्रिजेट मिळाली म्हणून हर्ष मानणे धोक्याचे. जन्म १८६५ ते १८७५, आडनाव दोन्ही रूपांत, नाव ब्रिजेट आणि तिची सगळी रूपे, शिवाय बिननावाच्या मुली. प्रत्येक पान उघडून बाप डॅनिएल आणि आई शे असेल तेवढ्याच नोंदी ठेवायच्या. धरू या की तीन उरल्या, तीन वेगवेगळ्या टाउनलँडच्या.

इथे बहुतेक लोक १८७० ला सर्वांत जवळची निवडतात आणि थांबतात. माझ्या मते हीच या शोधातील सर्वांत महाग पडणारी घाई, कारण चुकीच्या ब्रिजेटवर उभा केलेला पुढचा सगळा वंशवृक्ष दुसऱ्याच घराचा असतो आणि तो दिसायला अगदी बिनचूक दिसतो. योग्य रीत म्हणजे तिघींचेही पुढचे आयुष्य शोधणे. एकीची मृत्युनोंद दुसऱ्या वर्षीच मिळते. दुसरीचे लग्न त्याच भागात झालेले. विवाहनोंदीत बाप डॅनिएल आणि तेच टाउनलँड, आणि १९०१ मध्ये ती नवऱ्याच्या घरी मुलाबाळांसह हजर. ती बॉस्टनला असू शकत नाही. तिसरी आयर्लंडच्या कागदांतून नाहीशी होते. आपल्याला हवी ती बहुधा हीच.

'बहुधा' घालवण्यासाठी १९११ ची जनगणना कामी येते. तिच्यात विवाहित स्त्रियांना विचारले होते: लग्नाला किती वर्षे झाली, जिवंत जन्मलेली मुले किती, त्यांपैकी आज हयात किती. विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते, तरी अनेकींनी भरले आणि गणकाने खोडले. खोडाखाली आकडे वाचता येतात. समजा, तिसऱ्या ब्रिजेटच्या आईने नऊ जन्मली, सहा हयात असे लिहिले. त्या टाउनलँडमधील याच जोडप्याच्या नऊ जन्मनोंदी आणि १९११ पर्यंतच्या तीन मृत्युनोंदी आपल्याला मिळायला हव्यात. हा चेकसम आहे. आठच जन्म मिळाले तर एक मूल बिननावाचे, दुसऱ्या स्पेलिंगखाली किंवा लग्नानंतर लगेच दुसऱ्या जिल्ह्यात जन्मलेले असेल. दहा मिळाले तर आपण दोन कुटुंबे एकत्र केली आहेत, आणि मागे जाऊन टाउनलँड पुन्हा तपासले पाहिजेत.

आईबापांच्या मृत्युनोंदीही सोडू नयेत. आयरिश मृत्युनोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे नसतात म्हणून पुष्कळजण ती बघत नाहीत. पण खबर देणाऱ्याचे नाव तिथे असते, 'मृत्युसमयी उपस्थित' या शेऱ्यासह. ते नाव अनेकदा लग्न झालेल्या मुलीचे, सासरच्या आडनावाने. आडनाव बदलून हरवलेली बहीण सापडण्याचा हा फार चांगला रस्ता आहे, आणि त्या बहिणीच्या वंशजांकडे बॉस्टनहून आलेली पत्रे असू शकतात.

एवढे करूनही जन्म सापडला नाही तर तो नोंदलाच गेला नसेल. सुरुवातीच्या दशकांत असे बरेच घडले. उशिरा केलेल्या नोंदी सूचीच्या शेवटी वेगळ्या दिलेल्या असतात, त्या पाहाव्यात. नंतर कॅथलिक पॅरिशच्या वह्यांकडे वळावे. सुमारे १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातापित्यांची नावेही मिळतात आणि ती बहुधा जवळच्या नात्यातली असतात. उत्तरेकडील सहा काउंट्यांच्या १९२२ नंतरच्या नोंदी मात्र डब्लिनकडे नाहीत. त्यांसाठी बेलफास्ट येथील कार्यालयाच्या संकेतस्थळावर, शुल्क भरून, वेगळा शोध घ्यावा लागतो.