सिग्नल फुल्ल, तरी वाय-फाय गुल

घरच्या राउटरला आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला बिनबोभाट जोडला जाणारा लॅपटॉप विद्यापीठाच्या वाय-फायपाशी मात्र अडून बसतो. ‘एड्युरोम’ हे संस्थांच्या अशा सुरक्षित नेटवर्कचं जगभर परिचित उदाहरण; आपल्या संस्थेच्या खात्यावर ते इतर सहभागी संस्थांतही वापरता येतं. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या सर्फनेट संस्थेतल्या क्लास वीरेंगा यांनी मांडलेल्या कल्पनेतून ते उभं राहिलं. आज ते शंभराहून अधिक देशांत चालतं. भारतात त्याचं काम अर्नेट इंडिया पाहते. या जोडणीबद्दलचे काही गैरसमज लॅपटॉपपेक्षा जास्त त्रास देतात.

गैरसमज : सिग्नल फुल्ल आहे, म्हणजे लॅपटॉप तरी बिघडलाय किंवा नेटवर्क तरी बंद आहे.
वस्तुस्थिती : सिग्नलच्या कांड्या फक्त रेडिओलहरींची ताकद सांगतात. त्यापुढे ओळख पटवावी लागते आणि मग आयपी पत्ता मिळतो. पुन्हा पुन्हा पासवर्ड मागितला जात असेल, तर गाडी बहुधा ओळखीच्या टप्प्यावर अडली आहे. ‘कनेक्टेड’ दिसतं पण पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर ओळख पटली आहे, पत्ता मिळालेला नाही. या दोन दुखण्यांवर एकच औषध चालत नाही.

गैरसमज : वाय-फायचा पासवर्ड कुणाकडून तरी घेतला की झालं.
वस्तुस्थिती : घरी सगळ्यांना मिळून एक पासवर्ड असतो. संस्थेत प्रत्येकाचं खातं वेगळं. भिंतीवरचा ॲक्सेस पॉइंट इथे फक्त दारावरचा रखवालदार. आत सोडायचं की नाही हे खाती तपासणाऱ्या आतल्या रेडियस सर्व्हरला विचारून ठरतं. या पद्धतीचं मानक ८०२.१एक्स.

गैरसमज : युजरनेम नुसतं टाकलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : एड्युरोमवर नावापुढे ‘ॲट’ चिन्ह आणि आपल्या संस्थेचं डोमेन हवंच. तुमची विनंती कुठल्या देशातल्या कुठल्या संस्थेकडे पाठवायची, हे त्या शेपटावरूनच कळतं. काही संस्थांच्या आवारात नुसतं नाव चालून जातं आणि तीच सवय बाहेरगावी नडते. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही घोटाळा करते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

गैरसमज : सर्टिफिकेटची कटकट टाळायला ‘तपासू नका’ हा पर्याय निवडावा.
वस्तुस्थिती : सल्ला सर्रास दिला जातो आणि तो सर्वांत महागात पडतो. तुम्ही संस्थेला ओळख पटवता तशी संस्थेनेही तुम्हाला पटवायची असते, सर्टिफिकेट त्यासाठीच. ते न तपासणाऱ्या लॅपटॉपला, कुणी कँटीनमध्ये त्याच नावाचं बनावट नेटवर्क लावलं तरी फरक कळत नाही. मग सेटिंगनुसार पासवर्ड जसाच्या तसा तरी त्याच्या हाती लागतो किंवा फोडता येईल अशा रूपात. ईमेल आणि परीक्षेचं पोर्टल त्याच पासवर्डवर असेल, तर नुकसान वाय-फायपुरतं राहत नाही. म्हणूनच गूगलने डिसेंबर २०२०च्या अपडेटमध्ये पिक्सेल फोनवरून ‘तपासू नका’ हा पर्याय काढून टाकला.

योग्य मार्ग सोपा आहे : संस्थेने दिलेली प्रोफाइल किंवा एड्युरोमचं ‘कॅट’ साधन वापरावं. सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव त्यातून आपोआप बसतं. तरीही अडलं तर लॅपटॉपची तारीख बघा. बोर्डावरचा छोटा सेल संपलेला जुना लॅपटॉप कधी कधी काही वर्षं मागे जातो, आणि मग वैध सर्टिफिकेटही त्याला अवैध वाटतं.

गैरसमज : कालपर्यंत चालत होतं, मी काहीच बदललेलं नाही, म्हणजे दोष संस्थेचा.
वस्तुस्थिती : तुम्ही बदललं नसेल, अपडेटने बदललं असेल. विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइझ आणि एज्युकेशन संचांत पासवर्डची माहिती जपणारं ‘क्रेडेन्शियल गार्ड’ आपोआप चालू होऊ लागलं. त्यामुळे विंडोजच्या लॉगिनवरूनच वाय-फायला जोडणारी जुनी सोय अनेक ठिकाणी बंद पडली. उबंटू २२.०४ मध्ये कूटबद्धीकरणाचं ओपनएसएसएल ३ आलं आणि काही जुन्या रेडियस सर्व्हरशी त्याचं जमेना. आणखी एक नेहमीचं कारण : पासवर्ड बदलला, पण खिशातला फोन जुनाच पासवर्ड पाठवत राहिला. असे प्रयत्न मोजून खातं कुलूपबंद करणाऱ्या संस्थेत मग लॅपटॉपवर बरोबर पासवर्ड टाकूनही उपयोग होत नाही. आधी फोनमधलं नेटवर्क ‘फर्गेट’ करा.

गैरसमज : परक्या विद्यापीठाला आपला पासवर्ड कळतो.
वस्तुस्थिती : पासवर्ड कूटबद्ध मार्गाने थेट आपल्या संस्थेपर्यंत जातो, यजमान फक्त पुढे ढकलतो. अर्थात सर्टिफिकेट तपासलं असेल तरच ही हमी खरी. खातं नाकारलं गेलं तर कारण बहुतेकदा आपल्याच संस्थेच्या नोंदीत सापडतं. त्यांना अडचण कळवताना दिनांक, नेमकी वेळ, ठिकाण, डोमेनसह युजरनेम आणि लॅपटॉपचा मॅक पत्ता (त्याच्या वाय-फाय कार्डाचा ओळखक्रमांक) द्या. पासवर्ड कधीही नको. परगावी किंवा परदेशी निघण्याआधी आपल्याच आवारात एड्युरोमला जोडून बघितलंत, तर यातल्या बऱ्याचशा चुका घरच्या घरी निस्तरतात.