तरुण विश्वासणाऱ्यांचे शिष्यत्व आणि निरोगी ख्रिस्ती मंडळी : मराठी मंडळीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ख्रिस्ती मंडळीच्या प्रगतीचा विचार करताना सामान्यतः सभासदसंख्या, रविवारच्या उपासनेतील उपस्थिती, दानाची जमा आणि मंदिराच्या इमारतीची स्थिती यांकडे पाहिले जाते. या गोष्टी मोजता येतात, म्हणून त्या वार्षिक अहवालात येतात. मंडळीतील किती तरुण आपल्या विश्वासाविषयी, शंकांविषयी आणि अपयशाविषयी एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाशी मोकळेपणाने बोलू शकतात, याची नोंद मात्र सहसा कोठे आढळत नाही. अलीकडच्या काळात ‘निरोगी मंडळी’ ही संकल्पना प्रॉटेस्टंट वर्तुळात बरीच रूढ झाली आहे. वॉशिंग्टन येथील बॅप्टिस्ट पाळक मार्क डेव्हर यांनी निरोगी मंडळीची जी नऊ लक्षणे सांगितली, त्यांत शिष्यत्व व आत्मिक वाढ यांचा समावेश आहे. ही मांडणी अमेरिकेतील असली तरी तिच्यामागील प्रश्न महाराष्ट्रातील मंडळ्यांनाही लागू पडतो. प्रस्तुत लेखात तरुण विश्वासणाऱ्यांच्या शिष्यत्वाचा विचार मराठी ख्रिस्ती परंपरेच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. शिष्यत्व हा तरुणांसाठी चालविला जाणारा वेगळा कार्यक्रम नसून प्रौढांनी तरुणांना आपल्या सहवासात आणि जबाबदारीत सामावून घेण्याची ती रीत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘शिष्य’ या शब्दाचा आशय

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशूने शिष्यांना दिलेली आज्ञा सर्वपरिचित आहे. मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, आणि ते ‘शिष्य करा’ या अर्थाचे आहे. जाणे, बाप्तिस्मा देणे व शिकविणे ही त्याला जोडून आलेली धातुसाधिते होत. म्हणजे बाप्तिस्मा हा या कार्याचा शेवट नव्हे. तो त्याचा एक भाग आहे. हे व्याकरण ध्यानात घेतले तर बाप्तिस्म्याची नोंदवही भरली की काम संपले, अशी समजूत टिकत नाही.

मराठी मनाला ‘शिष्य’ हा शब्द गुरुपरंपरेमुळे जवळचा आहे. गुरूच्या घरी राहून, त्याची सेवा करून, त्याचे आचरण पाहून शिकणे ही कल्पना येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हा मोठाच लाभ आहे. परंतु त्यात एक धोकाही आहे. ख्रिस्ती विचारानुसार मार्गदर्शक हा स्वतःचे शिष्य करीत नाही; तो ख्रिस्ताचे शिष्य करतो. करिंथ येथील मंडळीत कोणी स्वतःला पौलाचा तर कोणी अपुल्लोचा म्हणवू लागला, तेव्हा पौलाने त्यांची कानउघाडणी केली ती याच कारणासाठी. आधुनिक काळातही याची उदाहरणे आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘शेफर्डिंग’ या नावाने ओळखली गेलेली चळवळ शिष्यत्वाच्या चांगल्या हेतूने सुरू झाली. पण तीत मार्गदर्शकाचा अधिकार अनुयायांच्या विवाहापासून नोकरीपर्यंतच्या निर्णयांवर चालू लागला. तिच्या प्रमुख नेत्यांपैकी बॉब ममफर्ड यांनी पुढे त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. तरुणांना आज्ञाधारक बनविणे आणि त्यांना परिपक्व बनविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

नव्या करारातील दोन तरुण

तीमथ्याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. त्याच्या विश्वासाचा आरंभ पौलापासून नव्हे, तर आजी लोईस व आई युनीके यांच्यापासून झाला, हे पौल स्वतःच नमूद करतो. पौलाने त्याला प्रवासात सोबत घेतले, पत्रांच्या आरंभी त्याचे नाव आपल्या नावाशेजारी घातले आणि कठीण मंडळ्यांकडे त्याला आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले. तारुण्यामुळे त्याला कोणी तुच्छ लेखू नये, असेही त्याला लिहिले.

मार्काचे उदाहरण कमी दिले जाते, पण ते अधिक बोधप्रद आहे. हा तरुण पहिल्या प्रवासात मध्येच परत फिरला. पुढच्या खेपेस त्याला सोबत घेण्यास पौलाने नकार दिला, तर बर्णबाने त्याला घेण्याचा आग्रह धरला. दोघांत तीव्र मतभेद होऊन ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. पुढे पौलच तीमथ्याला लिहितो की, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय घडले हे शास्त्र सांगत नाही. एवढे खरे की, एकदा चुकलेल्या तरुणाला दुसरी संधी देणारा एक वडीलधारा मनुष्य त्या मंडळीत होता. आजच्या कित्येक मंडळ्यांत मार्क आहेत. बर्णबाची उणीव आहे.

पाठांतर आणि त्याची मर्यादा

तरुणांना विश्वासाचे शिक्षण देण्याचे जुने साधन म्हणजे प्रश्नोत्तरावली. मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये लघु प्रश्नोत्तरावली सिद्ध केली, ती मुख्यतः घरातील कर्त्या पुरुषाने मुलामाणसांना शिकवावी या हेतूने. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये चालविलेल्या रविवारच्या शाळांनी गरीब मुलांना वाचनही शिकविले. मिशनऱ्यांबरोबर ही दोन्ही साधने महाराष्ट्रात आली. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले आणि पुढे मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिकही चालविले. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात त्याची दखल घेतली जाते.

परंतु केवळ पाठांतराने भागत नाही, याची जाणीव मराठीत याहूनही जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग येतो. साष्टीत ख्रिस्ती सिद्धांताचे शिक्षण चालले असता एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, जुनी पुराणे तर आता वाचावयाची नाहीत, मग त्यांच्या जागी मन रमेल असे काही आम्हांला का देत नाही? सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका अर्थाने त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या काळच्या सक्तीच्या व मनाईच्या वातावरणाचे समर्थन करण्याचे कारण नाही. ते वातावरण त्या प्रश्नातच दिसते. तरीही एका शिक्षकाने शिकणाऱ्याची तक्रार ऐकून घेतली आणि तिच्यासाठी आयुष्यातील कित्येक वर्षे खर्ची घातली, ही बाब महत्त्वाची आहे. 

आज बालबाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांत किशोरवयीनांसाठी दृढीकरणाचा वर्ग घेतला जातो. काही आठवडे विश्वासांगीकार, दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना यांचे पाठ होतात. मग बिशपांच्या हस्ते दृढीकरण होते, छायाचित्रे निघतात. त्यानंतरच्या रविवारी यांपैकी कितीजण येतात, हा प्रश्न पाळकांना अवघड वाटतो. शिक्षणाचा समारंभ झाला की तो निरोपाचाही समारंभ ठरावा, ही विसंगती अनेकांच्या परिचयाची आहे.

सहवास आणि जबाबदारी

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधला काळ वाचनाचा, शंकांचा आणि मानसिक झगड्याचा होता. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा तर त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. पतीच्या निर्णयामुळे त्यांनी भोगलेला विरह व अपमान ‘स्मृतिचित्रे’त आला आहे, त्या आपल्या वाटेने आणि आपल्या गतीने विश्वासापर्यंत पोहोचल्या. ठरावीक आठवड्यांच्या अभ्यासक्रमात शिष्य तयार होतात असे मानणाऱ्यांनी या तारखा पाहाव्यात.

टिळकांच्या अहमदनगर येथील घराचे दार तरुणांना उघडे असे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाचे गुण टिळकांनी हेरले. पुढे हा मुलगा, म्हणजेच बालकवी, टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे त्यांचे उदाहरण शिष्यत्वाच्या चर्चेत अप्रस्तुत वाटेल. पण ते तसे नाही. तरुणाला घरात घेणे, त्याच्या लेखनाकडे गांभीर्याने पाहणे, त्याचे लहरी वागणे सोसणे, हे सर्व त्या घराने कोणतीही अट न घालता केले. जे प्रेम परिणामाची वाट पाहत ताटकळते, ते तरुणांना लगेच ओळखू येते.

केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी याच तत्त्वाला कामाची जोड दिली. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या अनेक मुली तेथे शिकल्या. १९०५ च्या आत्मिक जागृतीच्या काळात तरुण मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास जात. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई मिशनच्याच छापखान्यात झाली आणि खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम तेथील स्त्रियांनी केले. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एक एक अक्षर जुळवून पवित्र शास्त्र उभे करणाऱ्या त्या मुलींना शास्त्राभ्यासाचा वेगळा तास किती लागला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याउलट आज तरुणांच्या वाट्याला बहुधा नाताळचे नाटक, गायकवृंद, सजावट आणि ध्वनिवर्धकाची व्यवस्था येते. ही कामे हलकी नव्हेत. पण आजाऱ्यांची भेट, शोकग्रस्त घरातील प्रार्थना, दानाचा हिशेब, पास्टोरेट कमिटीतील निर्णय या ठिकाणी त्यांना क्वचितच जागा असते. मंडळीचा खरा भार जेथे वाहिला जातो तेथून तरुण दूर ठेवले जातात, आणि मग त्यांना मंडळीची ओढ नाही अशी तक्रार होते.

कागदावरील ओळख

मराठी ख्रिस्ती तरुणाचे काही प्रश्न परदेशी अभ्यासपुस्तिकांत सापडणार नाहीत. त्यांतील सर्वांत नाजूक प्रश्न ओळखीचा आहे. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा फार मोठा भाग पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजांतून आला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातीविषयक आदेशानुसार हा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला; ख्रिस्ती धर्मांतरितांचा झालेला नाही. परिणामी काही घरांत प्रवेशअर्जावरील धर्म एक आणि रविवारचा धर्म दुसरा अशी स्थिती असते. अठराव्या वर्षी अर्ज भरताना तरुणासमोर जो प्रश्न उभा राहतो तो केवळ कायद्याचा नसतो. खरेपणाचा, कुटुंबाच्या भवितव्याचा आणि पिढ्यान्पिढ्यांच्या अन्यायाचाही असतो. व्यासपीठावरून प्रामाणिकपणावर उपदेश होतो, पण या अर्जाविषयी मौन पाळले जाते. तरुणाला दोषी ठरवून हा प्रश्न सुटत नाही आणि डोळेझाक करूनही सुटत नाही. त्याच्याशेजारी बसून, कायद्याची नीट माहिती घेऊन, त्याच्या निर्णयाची किंमत कोण कशी उचलणार हे बोलणारे वडीलधारे लागतात. जे शिष्यत्व या प्रश्नाला हात घालत नाही, ते तरुणाच्या आयुष्याच्या बाहेरच राहते.

भाषेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. आजीला ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील टिळकांची पदे पाठ असतात, नातू इंग्रजी किंवा हिंदी गीते गिटारवर म्हणतो. दोघांनी एकमेकांची गीते शिकण्यास एक संध्याकाळ पुरेशी होते.

मंडळीने करावयाची व्यवस्था

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एका परिपक्व सभासदाने दोन किंवा तीन तरुणांसोबत आठवड्यातून एकदा बसावे. मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. आठवड्यास एक अध्याय घेतला तरी चार महिन्यांत ते पूर्ण होते. उत्तरे आधी सांगू नयेत. तरुणाला जे पटत नाही ते त्याने निःसंकोच बोलावे आणि मार्गदर्शकाने आपलेही अपयश लपवू नये. मुलींसोबत अनुभवी स्त्रियांनी काम करावे, हे तीताला लिहिलेल्या पत्राशी सुसंगत आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत बंद दाराआड एकट्याने भेट घेऊ नये. भेटी उघड्या जागी, पालकांना माहीत असलेल्या वेळी व्हाव्यात. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्यामुळे तक्रार पोलिसांपर्यंत नेणे बंधनकारक आहे. मंडळीचे नाव जपण्यासाठी असे प्रकरण दाबणे हे आता पाप आणि गुन्हा दोन्ही आहे.

उरला स्थलांतराचा विषय. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), जालना किंवा सोलापूर भागातील तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे-मुंबईस जातात. गावच्या मंडळीत त्यांचे नाव राहते, शहरातील मंडळीत त्यांना कोणी ओळखत नाही. जुन्या काळी सभासद दुसऱ्या गावी जाताना पाळकाचे पत्र सोबत नेत असे. विवाहाच्या कामापुरती ही पद्धत अजून उरली आहे. पौलाच्या पत्रांच्या शेवटी ज्या नामावळ्या येतात, त्यांतील काही ओळी नेमक्या अशाच शिफारशीच्या आहेत. किंख्रिया येथील फिबीला रोमच्या मंडळीने कसे स्वीकारावे व तिला कोणते साहाय्य करावे, हे पौलाने स्पष्ट लिहिले आहे. गावच्या पाळकाने तरुण निघण्यापूर्वीच शहरातील मंडळीला पत्र लिहावे, त्यात त्याच्या वसतिगृहाचा पत्ता द्यावा, आणि शहरातील मंडळीने पहिल्या महिन्यातच त्याला एखाद्या सभासदाच्या घरी रविवारच्या जेवणास बोलवावे.