जुना खेळाडू आणि त्याचे मोल

वयस्क खेळाडूस कराराने दिलेली रक्कम वसूल होते काय, असा प्रश्न पादऱ्यास आमच्या पेढीवर तरुण मंडळी वारंवार काढतात. आमच्या मते येथे धान्याच्या पारखीचाच नियम चालतो. पोत्यावरील नाव पाहून भाव ठरवू नये, वानगी पाहावी. भाव काय दिला, काम कोणते सोपविले व ते प्रत्यक्ष किती झाले, एवढे तीनच प्रश्न विचारावेत.

श्री. अजिंक्य रहाणे यांचेच उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२२ मधील आयपीएलच्या लिलावात चेन्नईने चौतीस वर्षांच्या रहाणे यांस ५० लाखांस घेतले, तर बेन स्टोक्स यांस १६ कोटी २५ लाखांस. २०२३ च्या हंगामात दुखापतग्रस्त स्टोक्स दोनच सामने खेळले, धावा १५. रहाणे यांनी १४ सामन्यांत ३२६ धावा केल्या, त्याही शंभर चेंडूंस सुमारे १७२ या वेगाने. चेन्नईने विजेतेपद मिळविले.

परंतु एका पिकावरून पुढील सालाचा भाव बांधू नये. २०२४ मध्ये त्यांच्या २४२ धावा झाल्या व वेग १२३ वर आला. रक्कम तीच राहिल्याने सौदा महाग पडला नाही, इतकेच.

आपल्या पेढीवरील वृद्ध मुनिमाचा विचारही असाच करावा. केवळ वय पाहून त्यास निरोप देऊ नये, केवळ जुन्या लौकिकावर पगारही ठरवू नये. यंदाचे काम तोलावे, आणि काटा सरळ धरावा.