गोळी नसली तरी बंदूक ती बंदूकच

कोल्हापूरच्या दसरा चौकात विजयादशमीला शमीपूजन झाले की बंदुकीच्या फैरी झडतात आणि सोने लुटले जाते. शिवकालीन लढायांच्या प्रात्यक्षिकांतही हल्ली ठासणीच्या बंदुका दिसतात. शाहूपुरी असो वा शिवाजी पेठ, तालमीत मर्दानी खेळ शिकणाऱ्या पोरांना त्यांचे आकर्षण असणारच. ‘आत गोळी कुठे आहे?’ हा भरवसा मात्र घातक आहे.

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की गार पोलादावर घासते, ठिणगी बाहेरच्या रंजकावर पडते आणि कानातून म्हणजे बारीक छिद्रातून आग नळीत शिरते. हा भडका नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर उडतो. त्याच छिद्रातून ज्वाळा उजवीकडे, रांगेतल्या सोबत्याच्या चेहऱ्याकडे झेपावते. गारेचे कण उडतात ते वेगळेच.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असते. तिचे न जळलेले कण कातडीत रुततात. वेळीच काढले नाहीत तर गोंदणासारखे काळे ठिपके कायमचे राहतात. म्हणून असा रुग्ण शक्यतो त्याच दिवशी रुग्णालयात यावा. भूल देऊन जखम घासून साफ करता येते. धनुर्वाताची लसही तेव्हाच पाहिली जाते.

भाजल्यास वीस मिनिटे वाहते साधे पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई नको. अंगठी, कडे लगेच काढावे. डोळ्यात नुसती भुकटी गेली असेल तर न चोळता भरपूर पाण्याने धुवावे. तुकडा घुसल्याची शंका असेल तर धुऊ नये, दाबू नये, काढू नये. वर कागदी पेला अलगद झाकून थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. आवाज १४० डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशीही कानात गुंई राहिली तर कान तपासावेत.

बार उडाला नाही तर नळीत डोकावू नये. आतली दारू उशिराही पेट घेते. तोंड मोकळ्या जागेकडे धरून निदान एक मिनिट थांबावे. बार झाल्यावरही नळीत निखारा राहतो. दारूच्या भांड्यातून थेट नळीत दारू ओतली तर हातातले भांडेच फुटते.

पारदर्शक चष्मा मावळ्याच्या वेशाला शोभत नाही, अशी मंडळांची अडचण असते. दहा हात लांबच्या प्रेक्षकाला तो दिसतही नाही.