१४० कोटींना अडवणारी एक पिन

मलकापुरात तहसील कचेरीच्या आजूबाजूला, स्टेशनच्या रस्त्याला, सातबारा काढून देणारी आणि पीक विम्याचे अर्ज भरणारी दुकानं आहेत. तिथल्या टेबलाखाली दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा सीपीयू अजून घरघरताना सापडतो. मशीन स्लो झालं की मालकाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "प्रोसेसर बदलून टाकू." टाकू, पण कोणता? इथून आकड्यांचा घोळ सुरू होतो.

इंटेलने २००९ मध्ये ११५६ पिनांचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, आणलं. २०११ मध्ये ११५५ पिनांचं आलं, २०१३ मध्ये ११५० चं, २०१५ मध्ये ११५१ चं. या चारही सॉकेटांचे प्रोसेसर साडेसदतीस मिलिमीटरचे चौकोन आहेत. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर वरून ओळखू येणार नाहीत. पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरच्या पोटाला फक्त सोनेरी ठिपके. पण ११५६ चा तुकडा ११५५ मध्ये बसत नाही, कडेच्या खाचाच सरकवलेल्या आहेत. जोर लावला तर केसाएवढ्या पिना वाकतात आणि बोर्डही हातचा जातो.

याहून वाईट गोष्ट ११५१ ची. २०१७ च्या ऑक्टोबरात आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले. सॉकेट तेच, पिना तेवढ्याच. जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डात ते अलगद बसतात, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच राहते. म्हणजे पिना मोजूनही भागत नाही, बोर्डाचा चिपसेट कोणता तेही पाहावं लागतं.

दुकानातलं मशीन बहुधा ११५५ चं निघतं. एच६१ चिपसेटचा साधा बोर्ड, त्यावर आय३-२१२०, दोन कोअरचा. या बोर्डावर चढवता येईल असा वरच्या टोकाचा प्रोसेसर म्हणजे २०१२ चा आय७-३७७०. त्याच्या आत १६० चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनवर १४० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती. प्रत्येकाला एकेक ट्रान्झिस्टर वाटला तरी १९ कोटी शिल्लक राहतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाच्या ठिपक्यात, ८७ लाख. इंटेलच्याच १९७१ च्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये सगळे मिळून २,३०० होते.

या चिपची ताकद आपल्या भागाशीही जोडून पाहता येते. मलकापूरवरून नागपूरकडे जाणाऱ्या याच रेल्वेमार्गावर अकोल्यापुढे मूर्तिजापूर लागतं. त्या तालुक्यातलं मुरंबा हे विजय भटकरांचं गाव. अमेरिकेने अद्ययावत सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० जाहीर झाला. त्याच्या २५६ नोडच्या नमुन्याची कागदावरची ताकद होती सेकंदाला सुमारे १०० कोटी गणितं. आय७-३७७० ची कागदावरची ताकद काढू: चार कोअर, सेकंदाला ३४० कोटी ठोके, प्रत्येक ठोक्याला प्रत्येक कोअरमागे आठ गणितं. गुणाकार येतो १०,८८० कोटी. त्या नमुन्याच्या शंभरपट ताकद आज जुन्या बाजारात प्लॅस्टिकच्या डबीत घालून विकली जाते, आणि ती घेऊन आपण पीडीएफची प्रिंट काढतो.

आता उष्णता. पूर्ण भारावर हा प्रोसेसर ७७ वॅट घेतो. वीजबिलाच्या दृष्टीने किरकोळ, पण ते सगळे ७७ वॅट दीड-पावणेदोन चौरस सेंटिमीटरमधून बाहेर पडतात. मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन दर चौरस सेंटिमीटरला एक दशांश वॅट देतं. म्हणजे चिपचा पृष्ठभाग त्या उन्हाच्या जवळपास पावणेपाचशे पट उष्णता फेकतो. पंखा ही उष्णता हवेत सोडतो, आणि खोलीतली हवाच ४४ अंशांची असेल तर २५ अंशांच्या एसी खोलीतल्यापेक्षा चिप साधारण १९ अंशांनी जास्त तापणार. शंभरीजवळ गेली की ती स्वतःहून वेग कमी करते. आय३ सोबत आलेला बुटका पंखा तसाच ठेवून, हीटसिंकच्या पात्यांतली धूळ आणि कापसाचे तंतू न काढता आय७ बसवला, तर पैसे आय७ चे आणि काम जेमतेम.

माझ्या मते खरा घोटाळा याच्याही अलीकडे आहे. प्रोसेसर मंद आहे, हे मुळात ठरवलं कुणी? ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो. प्रकाशाला इथून ५०० किलोमीटरवरच्या मुंबईला पोहोचायला लागतो तेवढ्या वेळात त्याचे ५० लाख ठोके झालेले असतात. समजा एक ठोका म्हणजे एक सेकंद. या हिशेबाने रॅममधून काही मागवलं तर चारेक मिनिटं लागतात. एसएसडीमधून मागवलं तर साडेतीन दिवस. आणि मिनिटाला ७,२०० फेरे मारणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कमधून? सुमारे ४४० दिवस. जूनमध्ये कपाशी टोबली त्या दिवशी मागितलेला कागद पुढल्या वर्षीच्या पोळ्याला हातात पडतो. मधल्या काळात प्रोसेसर काय करतो? बऱ्याचदा नुसता बसून असतो. त्याच्या जागी चौपट ताकदीचा आणला तर तोही तसाच बसून राहील.

एच६१ बोर्डावर एसएसडीला तिचा पुरा वेग मिळत नाही, जेमतेम निम्मा मिळतो. तरी घ्यावी, कारण फायदा वाट पाहणं संपल्याचा आहे. सोबत रॅम ८ जीबी करावी. मग टास्क मॅनेजर उघडून कामाच्या गर्दीत पाहावं. प्रोसेसरचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसत असेल, तरच नव्या प्रोसेसरचा विचार. तेव्हाही दुकानाच्या कामाला आय५-३४७० पुरतो.

तो घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या यादीत नाव तपासायचं, बोर्डावर छापलेल्या रिव्हिजन नंबरासकट. सुरुवातीच्या एच६१ बोर्डांना आय५-३४७० ची, म्हणजे तिसरी पिढी ओळखता येत नाही. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करावं लागतं. ते काही एमबींचं काम आहे, पण मधेच लाईट गेली तर बोर्ड मुका होतो. यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय हात लावू नये.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची इंटेलसाठीची अधिकृत यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे परमच्या शंभरपट असूनही आय७-३७७० त्या यादीत नाही. त्याला लिनक्स चालतं आणि चांगलं चालतं. टेबलाखालचं मशीन ७७५ पिनांचं, कोअर टू ड्युओचं निघालं, तर मात्र प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नये. २०२४ पासूनचं विंडोज ११ त्यावर सुरूच होत नाही. एका बायनरी संख्येत १ हा अंक किती वेळा आला ते मोजणारी एक बारकी आज्ञा त्याला हवी असते, आणि कोअर टूच्या कोट्यवधी ट्रान्झिस्टरांत ती कुठेच नाही.